कट सांडायचा नाही

होळीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला घोडपदेवच्या आमच्या चाळीत प्रत्येक माळ्यावरून एकच आवाज यायचा. पातेल्यावर ठेवलेल्या चाळणीत शिजलेली डाळ ओतल्याचा. भसकन वाफ, मागोमाग पाण्याची धार. मी सात-आठ वर्षांचा असेन. आमचं ते पातेलं ओट्यावरून उचलताना माझ्या हातून हिंदकळलं आणि दोन-तीन वाट्या पाणी मोरीत गेलं. डाळ सगळी चाळणीत शाबूत होती, म्हणून फार काही बिघडलंय असं मला वाटलं नाही. आई मात्र कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे मेल्या, दोन माणसांची आमटी सांडलीस!"

डाळ शिजवलेलं पाणी म्हणजे दोन माणसांची आमटी कशी, हे तेव्हा कळलं नाही. पुढे त्याच्या जोडीला आणखी एक कोडं आलं. हरभऱ्याची डाळ, गूळ आणि कणीक या वाण्याकडच्या साध्यासुध्या चिजा. त्यांतून दहा माणसं जेवून आडवी होतात, आणि कुणाच्याही मनात येत नाही की हे काटकसरीचं जेवण होतं. उलट वर्षभर त्याची वाट पाहतात. लग्नाच्या हॉलमधल्या पनीरच्या भाजीला हे जमत नाही.

घोडपदेव म्हणजे राणीच्या बागेच्या पूर्वेला, रे रोड आणि कॉटन ग्रीनच्या अंगाला असलेली वस्ती. इथल्याच घोडपदेवाच्या देवळावरून तिला नाव पडलं. न्यू हिंद मिलच्या जागेवर आता म्हाडाच्या इमारती उभ्या आहेत, पण इथली जुनी माणसं गिरणीतली, गोदीतली. निम्मी घाटावरची, निम्मी कोकणातली. सणाला एका खोलीत नारळ खवला जायचा आणि शेजारच्या खोलीत पुरण शिजायचं. आम्ही घाटावरचे, त्यामुळे मला पुरणाचंच सांगता येईल.

कोरडं विकत, पाणी फुकट

बजेटचं जेवण म्हटलं की आपण लगेच भाव बघतो. त्याआधी बघायला हवं ते वजन. वाण्याकडून आपण डाळ कोरडी घेतो. किलोभर डाळ भिजून, शिजून, निथळली की दुपटीहून जास्त भरते. हे वरचं वजन नळाच्या पाण्याचं.

हे पाणी डाळीत राहतं कुठे? डाळीचा मोठा भाग म्हणजे स्टार्च, आपल्या भाषेत पिठूळ सत्त्व. त्याचे अगदी बारीक कण असतात. थंड पाण्यात ते ढिम्म बसून राहतात. पाणी साठ-सत्तर अंशांच्या पुढे तापलं की कण सैल होतात, पाणी शोषून फुगतात आणि एकदा आत घेतलेलं पाणी सहज सोडत नाहीत. साबुदाण्याची खीर शिजताना जे डोळ्यांना दिसतं, तेच डाळीच्या आत न दिसता चालू असतं. डाळीत प्रथिनंही असतात, वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा. म्हणूनच दोन पोळ्या खाल्ल्या की भूक पार संध्याकाळपर्यंत तोंड दाखवत नाही.

डाळ आधी दोन-तीन तास भिजवली तर पाणी आतपर्यंत पोचलेलं असतं आणि शिजण्याचा वेळ कमी होतो. कुकरमध्ये तो आणखी कमी होतो. उघड्या पातेल्यातलं पाणी शंभर अंशांवर उकळलं की त्याहून जास्त तापत नाही, कितीही मोठा जाळ करा. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत जातं. वरचा वीस अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण त्यामुळे डाळ कितीतरी लवकर मऊ होते. एकदा शिट्टी झाली की मात्र आच बारीक करायची. त्यापुढे मोठ्या आचेने आतलं तापमान वाढत नाही. जास्तीची वाफ शिट्टीवाटे उडते, तिच्याबरोबर आपला गॅस उडतो आणि डाळीचा फेस ओट्यावर येतो तो वेगळाच. चमचाभर तेल घातलं तर फेसाचे बुडबुडे टिकत नाहीत. आणि कुकर अर्ध्याहून जास्त भरायचा नाही. किलोभर डाळ असेल तर दोनदा लावा, एकदाच उरकायच्या नादाला लागू नका.

गुळाला घाई नको

नव्या सुनेकडून होणारी एक चूक चाळीतल्या सगळ्या सासवांना पाठ होती, ती म्हणजे डाळ पुरती शिजायच्या आत गूळ घालणं. मग कितीही वेळ शिजवा, डाळ बोटाखाली कणीदारच लागते. त्याचं कारण डाळीच्या बांधणीत आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने. विटांमधला चुना समजा. शिजताना हा चुना विरघळतो आणि विटा सुट्या होतात, म्हणजेच डाळ मऊ होते. गुळातली साखर आणि चुनखडीचा अंश हे विरघळणं लांबवतात. चिंचेतलं आम्लही तेच करतं. म्हणून आमटीत चिंच शेवटी पडते आणि पुरणात गूळ डाळ शिजल्यावर. गावाकडच्या विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, त्यालाही हीच चुनखडी जबाबदार. भातसा, तानसा, वैतरणेवरून येणारं मुंबईचं पाणी त्या मानाने हलकं. आमची आजी साताऱ्याकडून आली की पहिली तारीफ इथल्या पाण्याची करायची, आणि तेवढीच एक.

डाळ शिजल्याची खूण म्हणजे दाणा दोन बोटांत धरला तर लगेच चेपावा, पण पातेल्यात अख्खा दिसावा. फारच गाळ झाली तर ती चाळणीतून खाली उतरते. मग कट राहत नाही, पिठलं होतं.

चाळणीखालचं पातेलं

आता त्या सांडलेल्या पाण्याकडे येऊ.

डाळीवरचं हे पाणी म्हणजे कट. घाटावर त्याला येळवणीही म्हणतात. डाळ फुगताना तिच्यातला थोडा स्टार्च, थोडी प्रथिनं, क्षार आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं या पाण्यात उतरलेली असतात. बोट बुडवून बघितलं तर किंचित बुळबुळीत लागतं, ते या स्टार्चमुळे. आमटीला जो अंगचा दाटपणा हवा असतो तो इथे आयताच मिळतो. साध्या पाण्याची आमटी करायला गेलात तर दाटपणासाठी वेगळी डाळ नाहीतर पीठ लागेल. कटाच्या आमटीत तो खर्च डाळीने आधीच केलेला असतो.

पण कट नीट निथळण्याचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो पुरणाच्या बाजूचा आहे. निथळलेल्या डाळीत गूळ घातला की सगळं पातळ होतं. पहिल्यांदा करणारी माणसं इथे घाबरतात. गूळ डाळीतलं पाणी बाहेर ओढतो आणि त्यातच विरघळतो, म्हणून हा पातळपणा येतो. पुढे ते पाणी आटवायचं असतं. आणि स्वयंपाकघरात पाणी आटवण्याइतकं इंधनखाऊ काम दुसरं नाही. नळाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी पुरतं वाफ करून उडवायला लागते. उकळी हा पहिला थांबा असतो, खरा प्रवास त्यापुढचा.

म्हणजे डाळीत राहिलेली प्रत्येक वाटी पाणी आपण दोनदा गमावतो. ती आमटीत जात नाही, आणि पुरणातून तिला हाकलायला वर जळण लागतं. म्हणून आई डाळ चाळणीत ओतून वर ताट झाकायची आणि अर्धा तास तिच्याकडे बघायचीही नाही. एकीकडे पातेल्यात ठिबक ठिबक आमटी जमत होती, दुसरीकडे पुरण कोरडं होत होतं, आणि या दोन्ही कामांना स्टो पेटवावा लागत नव्हता.

आज गॅसवर हा हिशेब पैशात फार मोठा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक लिटर पाणी आटवायला त्यातला साधारण ८० ग्रॅम जातो, म्हणजे पाचेक रुपये. पण रॉकेलच्या स्टोवर, रेशनच्या रांगेत डबा धरून आणलेल्या पाच लिटरांत महिना काढायचा असताना, तो अर्धा तास फार मोलाचा होता. शिवाय खांदा आहेच. किलोभर डाळीचं पुरण घाटणं म्हणजे अर्धा-पाऊण तास उलथनं फिरवणं. घट्ट व्हायला लागलं की ते ज्वालामुखीसारखं फुटायला लागतं. तळाशी तयार झालेल्या वाफेला वर यायला वाट नसते, मग ती गोळा फोडून बाहेर पडते आणि सोबत गरम गुळाचा ठिपका मनगटावर आणते. आईच्या उजव्या हातावर असे डाग होते. लांब दांड्याचं उलथनं घ्या.

उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं, ही खूण सगळ्यांना माहीत असते. ते उभं राहतं याचा अर्थ मोकळं पाणी संपलं. उरलेलं पाणी गुळाने आणि स्टार्चने धरून ठेवलंय. याच कारणाने पुरणपोळी दोन-तीन दिवस टिकते. बुरशीला आणि जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. पोळीत पाणी असतं, पण ते गुळाच्या ताब्यात असतं.

पुरण वाटायचं ते गरम असतानाच. फुगलेले स्टार्चचे धागे गरम असेपर्यंत मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे मोकळे पसरलेले असतात. थंड झाले की घंटा झाल्यासारखे एकमेकांना चिकटून रांगेत उभे राहतात आणि गोळा घट्ट होतो. थंड पुरण यंत्रातून फिरवायला गेलात तर यंत्राचा दांडा वाकेल, पुरण खाली उतरणार नाही.

साखरेचं पुरण करावं की गुळाचं, हा वाद मी मिटवणार नाही. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनवर 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ आणि साखर एकेक किलो, आणि लिटरभर पामतेल. त्या पिशवीत गूळ नव्हता, त्यामुळे त्या डाळीचं अनेकांकडे साखरेचंच पुरण झालं असणार. ते वाईट लागत नाही. पण साखर निव्वळ असते, थंड होताना तिचे पुन्हा स्फटिक बनू शकतात आणि पुरण दगडासारखं होतं. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. ही मंडळी साखरेच्या कणांना एकत्र जमू देत नाहीत, वर हवेतला ओलावा धरतात. घरात साखरच असेल तर मूठभर तरी गूळ घाला, तेवढ्याने फरक पडतो.

चौकट: दहा माणसांचा हिशेब
*(माझा गेल्या होळीचा. भाव भायखळ्याच्या किरकोळ बाजारातले, गोळाबेरीज करून.)*

हरभरा डाळ १ किलो – १०० रु.
गूळ १ किलो – ७० रु.
कणीक १ किलो – ४५ रु.
तेल, पाव लिटर – ४० रु.
बेसन पाव किलो आणि कांदे – ४५ रु.
बटाटे १ किलो – ३५ रु.
तांदूळ अर्धा किलो – ३० रु.
सुकं खोबरं, चिंच, मसाला – ४० रु.
तूप १०० ग्रॅम – ६० रु.
वेलची, जायफळ – २० रु.
कुरडया, पापड – ४० रु.

एकूण ५२५ रुपये. पोळ्या ३५ ते ४० होतात, आमटी दोन-अडीच लिटर. माणशी साडेबावन्न रुपये. तूप, वेलची आणि जायफळ मिळून ८० रुपये. वजनाने ताटातला सगळ्यात लहान वाटा, पण पैशाने डाळीच्या जवळपास.

पारी फाटते कुठे

पोळी फुटली की दोष पुरणाला दिला जातो. बऱ्याचदा तो कणकेचा असतो, नाहीतर घाईचा.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांची एक लवचीक जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. ही जाळी नव्या इलॅस्टिकसारखी असते. मळल्या मळल्या लाटायला घेतली तर ताणते आणि परत आखडते. तासभर झाकून ठेवली की सैलावते. म्हणून कणीक आधी भिजवायची, डाळ निथळायला ठेवली त्याच्याही आधी. मग तेल लावून तिंबायची. तेल धाग्यांच्या मध्ये शिरतं आणि ते एकमेकांवरून घसरतात, अडकत नाहीत. पुरण आणि पारी यांचा मऊपणा सारखा हवा. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर लाटण्याखाली पुरणाचा गोळा पारी फाडून बाहेर येतो.

रेशनच्या जाड गव्हाची कणीक असेल तर एक अडचण असते. त्यातला कोंडा बारीक काचेसारखा ग्लुटेनचे धागे जागोजागी तोडतो. जुन्या बायका कणीक पातळ फडक्यातून गाळून सपीठ काढायच्या, ते यासाठी. फडक्यावर राहिलेला कोंडा दुसऱ्या दिवशीच्या भाकरीच्या पिठात जायचा. आज मैदा मिसळतात, काम तेच होतं. मैदा निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पोळी थंड झाल्यावर चामड्यासारखी वातड होते.

लाटण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७२च्या महागाईत, साखर-तेल-रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याला लाटणे मोर्चा म्हणतात. आईकडचं शिसवी लाटणं मधोमध जरा झिजलेलं होतं. ती या मोर्चाचा विषय निघाला की त्या झिजलेल्या जागेवर अंगठा फिरवायची, पण स्वतः गेली होती की नाही हे कधीच धड सांगितलं नाही.

आमटी वाढते ती कशी

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मार्चमध्ये होळी आली तेव्हा आमच्याकडे दुसरा पगार बुडालेला होता. त्या वर्षी आईने डाळ अर्धा किलोच घेतली. पोळ्या लहान केल्या आणि माणशी दोन. आमटी मात्र पातेलंभर होती, दरवर्षीएवढीच. मला त्याचं गुपित खूप नंतर कळलं.

स्टार्चने दाटपणा येतो, हे वर सांगितलंच. कट निम्मा होता, म्हणून तिने त्यात साधं पाणी घातलं, चमचा-दोन चमचे पुरण कालवलं आणि वर भाजलेलं बेसन लावलं. मराठवाडा-सोलापूरकडे याच कामाला भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं येसर असतं. पीठ आधी भाजायचं. कच्चं लावलं तर त्याचा वास येतो आणि गुठळ्या होतात. भाजल्याने खमंगपणा येतो, पण दाट करण्याची ताकद थोडी घटते. म्हणजे चव हवी तेवढं भाजा आणि दाटपणा हवा तेवढं जपा. असला तोल कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो, कढईतल्या पिठाच्या रंगावरून साधतो.

मग वाटण. सुकं खोबरं आणि कांदा थेट आचेवर काळपट होईपर्यंत भाजायचा, लसूण, जिरं, काळा मसाला. त्यातल्या वासाचा आणि रंगाचा बराच भाग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तिखटाचा लाल रंगही तसाच. त्यामुळे फोडणीच्या दोन पळ्या तेलात वाटण परतून घेतलं की तेच तेल वर तवंग होऊन येतं. जिभेला आणि नाकाला सगळ्यात आधी तो तवंगच भेटतो, खाली निम्मं पाणी असलं तरी. त्या संपाच्या होळीला माझ्या वडिलांनी तीन वाट्या आमटी प्यायली आणि "झकास!" म्हणाले. आईने मान वर केली नाही.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका हेच गणित रोज मांडत होत्या. कुटुंब गावाला ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना त्या महिन्याच्या पैशावर दोन वेळचं जेवू घालायच्या. पैसे महिनाअखेरीला यायचे आणि वाण्याची उधारी रोज चढायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकाराच्या आणि वाण्याच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. भाव त्यांच्या हातात नव्हता. पातेल्यात किती पाणी मावतं आणि ते कशाने धरून ठेवायचं, हे पुरतं होतं.

पोळीबरोबर घाटावर दुधाऐवजी गुळवणी असते. गूळ, पाणी, सुंठ, वेलची, आणि असलंच तर थोडं दूध. उकळत्या गुळाच्या पाण्यात दूध घातलं तर नासतं, कारण गुळात थोडं आम्ल आणि क्षार असतात. पाणी निवू द्यायचं, मग दूध. बटाट्याच्या भाजीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ती होते.

भजी आणि भायखळ्याचा प्लॅटफॉर्म

सणाच्या ताटात तेलही पैसा खातं. ते वाचवायचं असेल तर भजी तेल कधी पितात हे समजून घ्यायला हवं. आपल्याला वाटतं, कढईत असताना. खरं तर तेव्हा कमी पितात.

संध्याकाळी भायखळ्याला लोकल थांबते तेव्हा काय होतं बघा. दारातून माणसं लोंढ्याने उतरत असतात, तोवर चढणाऱ्याला पाय ठेवता येत नाही. उतरणारे संपले की चढणारे एकदम घुसतात. भजं गरम तेलात पडलं की त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर धावतं. ते बुडबुडे म्हणजे उतरणारे प्रवासी. वाफ जोरात बाहेर येतेय तोवर तेलाला आत शिरायला जागा नाही. भजं कढईतून काढलं, निवायला लागलं की आतली वाफ पुन्हा पाणी होते, आत पोकळी तयार होते आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं.

म्हणून तेल चांगलं तापलेलं हवं. कोमट तेलात लोंढाच तयार होत नाही, भजी तेलात भिजत पडतात. आणि झाऱ्यावर काढलेली भजी कढईवरच क्षणभर झटकून निथळायची, गरम असतानाच. ताटलीत ढीग करून ठेवली की खालची सगळं तेल पिऊन बसतात.

कुरडईत वाफेचंच काम उलट्या बाजूने दिसतं. शिजवलेल्या गव्हाच्या चिकाचे धागे उन्हात काचेसारखे कडक वाळतात, पण आत थोडं पाणी अडकून राहतं. गरम तेलात ते क्षणात वाफ होतं आणि मऊ झालेला धागा फुगवून टाकतं. बोटभर कुरडई ताटभर होते. तिच्यातली ती सगळी वाढ हवेची, आणि ताट भरल्यासारखं दिसायला तिचा फार उपयोग होतो.

नाकाचा वाटा

चौकटीत तूप, वेलची, जायफळ यांना ८० रुपये लावलेत. काटकसर करणारा माणूस पहिली कात्री तिथे लावेल. मी लावणार नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. सर्दी झाली की पुरणपोळी नुसती गोड चिखल लागते, ते यामुळे.

वेलचीतली आणि जायफळातली सुगंधी तेलं उडून जाणारी असतात. पुरण चुलीवर असताना घातलीत तर वास सगळ्या माळ्याला मिळेल आणि पोळीत थोडाच उरेल. किलोभर डाळीच्या पुरणाला दहा-बारा वेलच्या आणि पाव जायफळ पुरतं, पण ते पुरण उतरवल्यावर, वाटायच्या वेळी. वेलची कुटताना चिमूटभर साखर घाला, दाणे निसटत नाहीत. साल फेकू नका, चहाला होते.

तुपाचंही असंच. कणकेत घातलेलं तूप कुणाला कळत नाही, तिथे तेल चालतं. तव्यावरून उतरलेल्या गरम पोळीवर चमचाभर सोडलेलं तूप मात्र लगेच पसरतं, तापतं आणि त्याचा वास ताटाबरोबर दारापर्यंत येतो. आई तुपाची वाटी स्वतःजवळ ठेवायची आणि वाढताना स्वतःच्या हाताने सोडायची. पंक्तीत तुपाची वाटी फिरवणं तिला पटत नसे.

धुळवडीची पोळी

दुसऱ्या दिवशीची पोळी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, असं मानणाऱ्यांत मी आहे. रात्रभर पुरणातला ओलावा हळूहळू पारीत उतरतो आणि दोन्ही सारख्या मऊ होतात. मात्र पोळ्या गरम असताना डब्यात कोंबल्या तर झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन पोळीवर टपकते, आणि बुरशीला हवं असलेलं मोकळं पाणी आपणच तिला आणून देतो. फडक्यावर एकेक पसरून निववायची आणि मग रचायची. खाताना कोरड्या तव्यावर जरा शेकायची. रांगेत उभे राहिलेले स्टार्चचे धागे उष्णतेने पुन्हा मोकळे होतात.

आमटी रात्रीत घट्ट होऊन पळीला चिकटते. कारण तेच. त्यात पाणी घालायचं ते उकळतं, गार घातलं तर चोथा-पाणी होतं.

कट सांडला त्याच्या पुढच्या होळीला मी पातेल्यापासून दोन हात लांबच उभा होतो. कट बिनबोभाट आमटीत गेला. धुळवडीला दुपारी, रंग धुऊन झाल्यावर, शेजारच्या कोकणातल्या काकू दारात आल्या, आदल्या दिवशी आमटी नेलेली वाटी परत करायला. वाटीत खवलेला नारळ होता. आईने तो काढून घेतला, वाटी विसळली आणि पातेल्याकडे बघितलं. तळाशी दोन पळ्या आमटी उरली होती. तिने स्टोला पंप मारला आणि मला म्हणाली, "जा, तांब्याभर पाणी आण."